पडदा जुना, पॅकेट तेच

विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी, तिच्यावर उघडलेली हायपरटर्मिनलची खिडकी आणि राउटर चालू होताना एकामागून एक उमटणाऱ्या ओळी. शिकवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. चित्र इतकं बारीक की आजच्या पडद्यावर मोठं केलं तर अक्षरांचे कोपरे झिजल्यासारखे वाटतात. राउटरला जाग यायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात शिकवणारा बरंच काही सांगून घेतो. कुठली केबल कुठे लावायची, वेग ९६०० च का ठेवायचा, पासवर्ड विसरला तर राउटरमध्ये शिरायचं कसं.

२००७ च्या आसपासच्या नेटवर्किंग प्रशिक्षणाचं हे ठरलेलं रूप. त्या वर्षी सिस्को कंपनीने सीसीएनए या आपल्या नेटवर्किंगच्या परीक्षेची ६४०-८०२ ही आवृत्ती आणली. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातली सीबीटी नगेट्स ही संस्था १९९९ पासून प्रशिक्षणाचे व्हिडिओ काढत होती. तिच्यासाठी जेरेमी सिओरा यांनी केलेली सीसीएनएची मालिका जगभरच्या होतकरू इंजिनिअरांनी पाहिली. भारतातही पाहिली. त्यातल्या किती प्रती पैसे मोजून घेतलेल्या होत्या, हे न विचारलेलं बरं.

परीक्षा मात्र पुढे सरकत राहिली. २०१३ मध्ये ती बदलली, २०१६ मध्ये पुन्हा बदलली आणि २४ फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ ही आवृत्ती लागू झाली. कॅलेंडरच्या हिशेबाने त्या व्हिडिओंचं आयुष्य तीनदा संपलं. तरीही नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाला एखादा मुरलेला इंजिनिअर आजही सांगतो, ‘आधी ते जुने व्हिडिओ बघ, मग माझ्याकडे ये.’ यात जुन्या दिवसांचं कौतुक किती आणि खरा उपयोग किती, हे तपासून पाहण्यासारखं आहे. मोबाइलचं ॲप कसं बनवावं हे शिकवणारा २००७ चा व्हिडिओ आज कुणी फुकट दिला तरी कामाचा नाही. मग राउटरचा व्हिडिओ इतका का टिकावा?

कारण नेटवर्कच्या स्वभावातच आहे. ॲप कसं वागेल हे बनवणारी कंपनी एकटी ठरवते. नेटवर्कमधला नियम हा दोन यंत्रांमधला करार असतो आणि ती दोन यंत्रं बहुतेक वेळा दोन वेगळ्या मालकांची, दोन वेगळ्या देशांतली असतात. करार बदलायचा तर साऱ्या जगाने बदलायला हवा. हे करार आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिलेले असतात. इंटरनेटवरची माहिती तुकड्यातुकड्यांनी पण बिनचूक पोहोचवणारा टीसीपी हा त्यातला एक. त्याचा मुख्य दस्तऐवज, क्रमांक ७९३, सप्टेंबर १९८१ चा. त्याची जागा घेणारा नवा दस्तऐवज आला ऑगस्ट २०२२ मध्ये, आणि त्यातही मधल्या ४१ वर्षांतल्या दुरुस्त्या एकत्र आणण्याचंच काम मुख्य होतं. जोडणी करताना दोन्ही बाजूंनी करायचं तीन पावलांचं अभिवादन तेच राहिलं. एकाच जाळ्यातली दोन यंत्रं एकमेकांचा पत्ता शोधतात तो एआरपी हा नियम १९८२ चा. मोठ्या कंपन्यांच्या आतल्या जाळ्यात वाट शोधणाऱ्या ओएसपीएफचा प्रचलित दस्तऐवज १९९८ चा, आणि त्याच्या पोटातलं गणित एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये छापलेलं.

बदल किती हळू होतो, याचा पुरावा आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीने दिला आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडणार हे नव्वदच्या दशकातच कळलं होतं. नव्या पद्धतीचा मसुदा डिसेंबर १९९८ मध्ये तयार झाला. जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि नव्या पद्धतीचा जगभरचा औपचारिक शुभारंभ ६ जून २०१२ ला झाला. मोबाइल कंपन्यांमुळे भारत या नव्या पद्धतीच्या वापरात जगात आघाडीवर आहे. तरीसुद्धा घरच्या वायफायच्या सेटिंगमध्ये डोकावलं, तर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ताच दिसण्याची शक्यता जास्त. खाजगी पत्त्यांची ही वाटणी फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलेली आहे. २००७ च्या व्हिडिओत तीच शिकवलेली आहे, आणि आज मुंबईतली एखादी बँक आपला क्लाउड मांडायला बसली तरी तिला तीच वापरावी लागते.

२०२० च्या नव्या सीसीएनएचा आराखडा पाहिला तर हेच आकड्यांत दिसतं. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, स्विच आणि वायफायची जोडणी २० टक्के, आयपीने वाट काढणं २५ टक्के. ज्याची एवढी जाहिरात झाली त्या ऑटोमेशनला १० टक्के. पहिल्या तीन भागांची बेरीज ६५ होते, आणि त्यातला बराचसा मजकूर जुन्या शिक्षकांनी आधीच शिकवून ठेवलेला आहे.

पण जुना मजकूर ‘अजून चालतो’ एवढंच म्हणणं अपुरं आहे. काही वेळा नवी बातमी कळायला जुनाच धडा लागतो. जुन्या मालिकांत सबनेटिंग नावाचा एक लांबलचक भाग असतो. पत्त्यांच्या एका मोठ्या गठ्ठ्याचे लहान गठ्ठे कसे पाडायचे, कुठल्या गठ्ठ्यात किती पत्ते मावतात, याचा हिशेब. विद्यार्थी कंटाळतात, पुढे ढकलतात, परीक्षेपुरता पाठ करतात. त्याच्याच जोडीला एक छोटा नियम येतो: एका ठिकाणी जायच्या दोन वाटा राउटरच्या यादीत असतील तर ज्या वाटेत पत्ता अधिक नेमका सांगितलेला आहे, ती निवडायची.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी या छोट्या नियमाने यूट्यूब जगातून गायब केलं. पाकिस्तानात सरकारी आदेशावरून यूट्यूब रोखायचं होतं. पाकिस्तान टेलिकॉमने देशातली वाहतूक अडवण्यासाठी यूट्यूबच्या २५६ पत्त्यांच्या गठ्ठ्याची वाट आपल्याकडे वळवली. ही वाट देशातच राहायला हवी होती. ती निसटून हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या वरच्या कंपनीकडे गेली आणि तिथून जगभर पसरली. यूट्यूब स्वतः १,०२४ पत्त्यांचा मोठा गठ्ठा जाहीर करत होतं. २५६ चा गठ्ठा अधिक नेमका, म्हणून जगभरच्या राउटरांनी इमानेइतबारे नियम पाळला आणि यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे रवाना केली. सव्वा तासाने यूट्यूबने २५६ चाच गठ्ठा जाहीर करायला सुरुवात केली. तेवढ्याने पुरतं भागेना, तेव्हा त्याचेही १२८-१२८ चे दोन तुकडे केले, म्हणजे समोरच्यापेक्षा आणखी नेमके. शेवटी दोनेक तासांनी पीसीसीडब्ल्यूने चुकीची वाट मागे घेतली.

सबनेटिंगचा भाग टाळलेल्या माणसाला ही हकिकत नुसती गंमत वाटते. जुन्या व्हिडिओसमोर वही घेऊन बसलेल्याला यातली प्रत्येक चाल दिसते. यूट्यूबने १२८ चे तुकडे का केले, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

४ ऑक्टोबर २०२१ चंही तसंच. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप एकाच वेळी बंद पडलं. ‘माझंच नेट गेलं का’ म्हणत घरोघरी लोकांनी वायफाय बंद-चालू करून पाहिलं. झालं होतं ते असं: नेहमीच्या देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणा तुटला. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरांना आपली डेटा सेंटरं दिसेनात. तेव्हा त्यांनी, आधी ठरवून दिल्याप्रमाणे, स्वतःकडे येणाऱ्या वाटाच जगाच्या यादीतून काढून घेतल्या. सहा तासांच्या आसपास हा गोंधळ चालला. त्यातले दोन खेळाडू, डीएनएस आणि या वाटा जगाला कळवणारा बीजीपी, अनुक्रमे १९८३ आणि १९८९ चे. बीजीपीचा पहिला आराखडा तर ऑस्टिन शहरातल्या एका बैठकीच्या वेळी जेवणाच्या टेबलावरच्या नॅपकिनांवर काढलेला होता. फेसबुकचे राउटर अत्याधुनिक होते. बिघाड समजून घ्यायला लागणारं ज्ञान मात्र जुनंच होतं.

करार टिकतो म्हणून व्हिडिओ टिकतो, हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं कारण अनुभवी माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीत आहे. ते दाखवायला नॅनॉगमधलं एक व्याख्यान घेता येईल. नॅनॉग ही उत्तर अमेरिकेतली जाळी चालवणाऱ्यांची संघटना, १९९४ पासूनची. तिच्या व्यासपीठावर २००९ साली रिचर्ड स्टीनबर्गन यांनी ट्रेसरूट नीट वाचावं कसं, यावर व्याख्यान दिलं. ट्रेसरूट ही वाटेतले टप्पे दाखवणारी लहानशी युक्ती. ती व्हॅन जेकबसन यांनी १९८७ मध्ये लिहिली. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. पॅकेट जाळ्यात कायम फिरत राहू नये म्हणून ही सोय केलेली. जेकबसन यांनी तिचा उलटा उपयोग केला. आधी आकडा १ ठेवून पॅकेट सोडलं, पहिल्या राउटरने तक्रार कळवली. मग २, मग ३. तक्रारी येत गेल्या आणि वाटेचा नकाशा तयार झाला.

घोळ होतो तो हा नकाशा वाचताना. समजा पाचव्या टप्प्यावर ३०० मिलिसेकंद दिसले. ग्राहक कंपनीला फोन करून म्हणतो, ‘तुमचा हा राउटर हळू आहे.’ शिकाऊ इंजिनिअरही त्याला दुजोरा देतो. राउटरची रचना माहीत असलेला माणूस आधी सहावा आणि सातवा टप्पा बघतो. तिथे ४० मिलिसेकंदच असतील तर पाचव्याला काही झालेलं नाही. पुढे जाणारी पॅकेटं राउटर खास चिपमधून वेगाने ढकलतो, तक्रारीचा निरोप मात्र त्याच्या साध्या प्रोसेसरला लिहावा लागतो, आणि तो त्याच्या कामांच्या यादीत तळाला असतो. पाचव्यापासून पुढे सगळीकडेच ३०० दिसले, तर गोष्ट वेगळी. आणि तेव्हाही दोष परतीच्या वाटेवर असू शकतो, कारण इंटरनेटवर जायची आणि यायची वाट एकच असेल याची हमी नसते.

असा माणूस राउटरांच्या नावांतही खुणा शोधतो. नावात ‘बीओएम’ दिसलं तर मुंबई, कारण जाळी चालवणारे बरेचदा विमानतळाची अक्षरं वापरतात. मग तो अंतराचा हिशेब मांडतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर धरले, तर जाऊन यायला ७२ मिलिसेकंदांपेक्षा कमी लागूच शकत नाहीत. समुद्रातली केबल सरळ जात नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. यापेक्षा कमी आकडा दिसला तर समोरचा सर्व्हर लंडनमध्ये नाही, एवढं नक्की. हा हिशेब २००९ मध्ये खरा होता आणि प्रकाशाचा वेग बदलेपर्यंत खरा राहील. जगभरच्या जाळ्यांच्या नियंत्रण कक्षांत रात्रपाळीला बसणाऱ्यांचे कितीतरी फोन ट्रेसरूटबद्दलच्या गैरसमजातून आलेले असतात, हे धरलं तर या एका व्याख्यानाचा उपयोग अनेक नव्या प्रमाणपत्रांपेक्षा जास्त आहे.

जुन्या व्हिडिओंचा आणखी एक गुण अपघाताने आलेला आहे. तो म्हणजे वाट बघणं. दोन स्विचांमध्ये दोन केबली टाकल्या तर निरोप गोल गोल फिरत राहतात आणि काही क्षणांत जाळं ठप्प होतं. त्यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्रीचा उपाय काढला: स्विच आपापसात बोलून एक वाट मोकळी ठेवतात, दुसरी रोखून धरतात. मूळ पद्धतीत एक केबल तुटली की दुसरी उघडायला ३० ते ५० सेकंद जातात. थेट चित्रण करताना शिक्षकाने केबल उपटली की आता जवळजवळ मिनिटभर बोलायचं काय, हा प्रश्न. चांगला शिक्षक त्या वेळात स्विच आतून काय करतोय ते सांगतो: १५ सेकंद नुसतं ऐकतोय, पुढचे १५ सेकंद कोण कुठे आहे ते शिकतोय. दिव्याचा नारिंगी रंग हिरवा होईपर्यंत विद्यार्थी त्याच्याबरोबर थांबलेला असतो. आजच्या नीट कापलेल्या व्हिडिओत ही ५० सेकंदं संपादक पहिल्या फटक्यात उडवतो, आणि त्याबरोबर त्या वेळात काय घडलं हेही उडून जातं.

चुकांचंही तेच. सिस्कोच्या राउटरवरचं पोर्ट मुळात बंद असतं. ते उघडण्याची आज्ञा द्यायला शिकवणारेही विसरतात. मग समोरच्या यंत्रापर्यंत पोहोचतं का हे तपासणारा पिंग जात नाही. एक क्षण शांतता. मग ‘बघू या काय झालं’ म्हणत शिक्षक केबल, पोर्ट, पत्ता, वाट असा खालून वर शोध घेत जातो. या अर्ध्या मिनिटात विद्यार्थ्याला जे मिळतं ते कुठल्याही स्लाइडवर मावत नाही.

इथे उलट बाजूचाही एक भक्कम पुरावा आहे. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ईडीएक्स या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक त्यात गुंतून राहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. तेव्हापासून प्रशिक्षण कंपन्यांनी सहा मिनिटांचा जणू नेमच धरला. मात्र त्या अभ्यासाने मोजलं ते लक्ष. शिकणं मोजलं नव्हतं. आज्ञा लक्षात ठेवायला सहा मिनिटं पुरतात. बिघाड शोधायला पुरत नाहीत, कारण बिघाड शोधण्यात पहिली वीस मिनिटं चुकीच्या दिशेला जातात आणि ती जाताना बघणं हाच धडा असतो.

भारतातल्या विद्यार्थ्याला लांब व्हिडिओंची सवय एनपीटीईएलने लावली. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आयआयटी मुंबई त्यात पहिल्यापासून होती. आयआयटी खरगपूरच्या सुजय घोष यांची कॉम्प्युटर नेटवर्क्सवरची आणि अजित पाल यांची डेटा कम्युनिकेशनवरची व्याख्यानमाला जवळजवळ तासातासाची. ना संगीत, ना ॲनिमेशन. तरी कित्येक वर्षं अभियांत्रिकीच्या मुलांनी ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाहिली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येऊन डेटा स्वस्त होईपर्यंत जिल्ह्याच्या गावातल्या हॉस्टेलवर तासाभराचा व्हिडिओ उतरवून घेणं चैनीचं होतं. त्यामुळे ही व्याख्यानं कॉलेजच्या सर्व्हरवरून किंवा कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून खोल्याखोल्यांत फिरत. त्यांत सिस्कोची एकही आज्ञा नाही, नोकरीच्या मुलाखतीत थेट कामी येईल असं फार काही नाही. पण पॅकेट का हरवतं आणि हरवल्यावर कोण ते पुन्हा पाठवतं, याचं उत्तर देणारा उमेदवार बहुधा अशाच कुठल्यातरी तासाला बसलेला असतो.

आज्ञांबद्दल मात्र एक मजेदार गोष्ट आहे. त्या लवकर शिळ्या व्हायला हव्या होत्या. राउटरची वाटांची यादी दाखवणारी ‘शो आयपी रूट’ ही आज्ञा जुन्या व्हिडिओत जशी टाइप केली जाते तशीच आजही चालते, आणि फक्त सिस्कोच्या यंत्रावर नाही. प्रतिस्पर्धी अरिस्टा कंपनीने आपले स्विच मुद्दाम याच धाटणीने बोलणारे बनवले, म्हणजे सिस्कोवर वाढलेल्या इंजिनिअरला नवं काही शिकावं लागू नये. सिस्कोने डिसेंबर २०१४ मध्ये तिला कोर्टात खेचलं. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने आज्ञांच्या मुद्द्यावर अरिस्टाच्या बाजूने निकाल दिला: या क्षेत्रात अशा आज्ञा रूढच झालेल्या आहेत, हा तिचा बचाव मान्य झाला. पुढे २०१८ मध्ये अरिस्टाने ४० कोटी डॉलर देऊन दोघींमधले सगळे वाद मिटवले. या भांडणात खरा फायदा झाला तो जुन्या व्हिडिओवर बोटं बसवलेल्या माणसाचा.

म्हणून सगळंच जुनं डोळे मिटून घ्यावं असं नाही. सुरक्षेच्या बाबतीत जुना व्हिडिओ सरळसरळ धोक्याचा आहे. त्यात राउटरमध्ये टेलनेटने शिरतात, म्हणजे पासवर्ड उघड्या अक्षरांत वायरवरून जातो. वायफायला डब्ल्यूईपीचं कुलूप लावतात, जे कसं फोडता येतं हे २००१ मध्येच जाहीर झालं होतं. सिस्कोचा ‘टाइप ७’ पासवर्ड झाकलेला दिसतो, पण क्षणात उलगडता येतो. शिक्षक घाईत असेल तर ‘हे प्रयोगशाळेपुरतं’ असं सांगायला विसरतो आणि विद्यार्थी ती सवय घेऊन कामावर रुजू होतो. इथे एकच मार्ग: सुरक्षेचा भाग आला की जुना व्हिडिओ बंद करायचा आणि नवा लावायचा.

काही जुनेपण तर जन्मजातच होतं. ए, बी, सी असे पत्त्यांचे वर्ग १९९३ मध्येच मोडीत निघाले. त्यांच्या जागी हव्या त्या मापाचे गठ्ठे पाडण्याची रीत आली. तरी पुढची वीस वर्षं शिक्षक पहिल्या तासाला तेच वर्ग फळ्यावर लिहीत राहिले, आणि काही कॉलेजांत अजून लिहितात. इथे व्हिडिओ जुना असण्याचा दोष नाही. सवय जुनी होती.

आणि मग फ्रेम रिले. दूरच्या शाखा जोडण्याची ही नव्वदच्या दशकातली पद्धत. २०१६ च्या आवृत्तीत सीसीएनएमधून गेली. आज तिचा सराव करण्यात वेळ घालवणं व्यर्थ. पण तिचा एक तास नुसता ऐकावा. फ्रेम रिलेत पॅकेटवर एक क्रमांक चिकटवतात, तो क्रमांक फक्त त्या एका दुव्यापुरता अर्थाचा असतो आणि प्रत्येक टप्प्यावर बदलतो. टेलिकॉम कंपन्यांच्या जाळ्यात आज चालणाऱ्या एमपीएलएसचं लेबल नेमकं असंच वागतं. आरआयपी या म्हाताऱ्या नियमाचंही तसंच: पंधरा टप्प्यांपलीकडे त्याला जगच नाही, सोळा म्हणजे अनंत. तो कुठल्या नव्या जाळ्यात बसवू नये. पण एक वाट तुटल्यावर दोन राउटर एकमेकांना ‘माझ्याकडून जा, माझ्याकडून जा’ सांगत सोळापर्यंत कसे मोजत जातात, हे एकदा पडद्यावर पाहिलं की पुढचे सगळे नियम कशासाठी आले ते कळतं.

जुन्या वेगांचे आकडेही असेच दुहेरी कामाचे. ओएसपीएफ वाटेची किंमत ठरवताना सिस्कोच्या रूढ सेटिंगमध्ये १०० मेगाबिट हा आधार धरतो. व्हिडिओत दीड मेगाबिटच्या टी१ लाइनची किंमत ६४ येते, १०० मेगाबिटची १. विद्यार्थ्याने विचारायला हवं, मग गिगाबिटची किती? तीही १. दहा गिगाबिटची? तीही १. म्हणजे आधार बदलला नाही तर राउटरला दहापट रुंद रस्ता आणि अरुंद रस्ता सारखाच दिसतो. ज्याने टी१ चा हिशेब हाताने केलेला आहे त्याच्या हे चटकन लक्षात येतं. ज्याने फक्त नवी, तयार मांडणी पाहिली आहे त्याला एखाद्या सोमवारी सकाळी अरुंद वाटेवर कोंडी झाल्यावर कळतं.

क्लाउडमध्ये हे सगळं नाहीसं झालं अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते एका बटणामागे गेलं. जुन्या सबनेटिंगच्या धड्यात १६ पत्त्यांच्या गठ्ठ्यात १४ यंत्रं बसतात. पहिला आणि शेवटचा पत्ता राखीव. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये त्याच गठ्ठ्यात ११ च बसतात, कारण कंपनी प्रत्येक सबनेटमध्ये पाच पत्ते स्वतःकडे ठेवते. जुना हिशेब येत असेल तर शिकायचं ते एवढंच. येत नसेल तर अकराच का, हे कोडं राहतं. महाकाय डेटा सेंटरांच्या पोटात तर आता बीजीपीच धावतो. त्याची रीत सांगणारा ७९३८ क्रमांकाचा दस्तऐवज २०१६ मध्ये आला. त्याच्या लेखकांतले पीटर लापुखोव पूर्वी आयएनई या प्रशिक्षण संस्थेत सिस्कोच्या सर्वांत वरच्या परीक्षेची तयारी करून घेत असत. त्या डेटा सेंटरांमधली स्विचांची मांडणीही चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोनच्या एक्स्चेंजसाठी सुचवलेल्या रचनेवर बेतलेली आहे.

जुना व्हिडिओ देऊ शकत नाही ते म्हणजे पायथनने शेकडो स्विच एका दमात बदलणं, यंत्राने जेसन या मांडणीत दिलेलं उत्तर वाचणं, बदल आधी तपासून मग लावणं. त्यासाठी नवेच शिक्षक हवेत. आणि नुसतं बघत बसलं तर जुनाही काही देत नाही. एके काळी सरावासाठी वापरलेले राउटर विकत घ्यावे लागत. २००५ मध्ये आलेल्या डायनामिप्सने सिस्कोचे राउटर साध्या संगणकावर चालवून दाखवले, मग त्याच्यावर जीएनएस३ उभं राहिलं, आणि सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळू लागलं. जुन्या व्हिडिओतली मांडणी यांवर तासाभरात उभी राहते. शिक्षकाने पिंगची आज्ञा टाइप केली की एंटर दाबण्याआधी व्हिडिओ थांबवायचा, उत्तर येईल की नाही ते कागदावर लिहायचं, मगच पुढे जायचं. दीडपट वेगाने पाहिलं तरी चालेल. हा थांबा मात्र गाळायचा नाही.

अडचण आहे ती व्हिडिओ मिळण्याची. परीक्षा बंद झाली की सदस्यत्व विकणाऱ्या कंपन्या तो अभ्यासक्रम यादीतून काढून टाकतात; त्यांच्या दृष्टीने तो विकला न जाणारा माल. कंपन्याही एकमेकींत विलीन होतात. डीव्हीडीवर नेटवर्किंग शिकवणारी ट्रेनसिग्नल २०१३ मध्ये प्लुरलसाइटने विकत घेतली. तेव्हाच्या डीव्हीडी कपाटात असल्या तरी त्या लावायला नव्या लॅपटॉपला खाचच नाही. नॅनॉगने आपली व्याख्यानं आणि एनपीटीईएलने आपले तास सर्वांना खुले ठेवले आहेत, आणि एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांची लेखी रूपं आता मराठीतही मिळतात. पैसे घेऊन विकलेल्या जुन्या मालिकांचं काय करायचं, त्या मोकळ्या करायच्या की नाही, हे त्या-त्या कंपनीने आणि शिक्षकाने ठरवायचं. तोवर ज्या संस्थेने तेव्हा रीतसर प्रती घेतल्या असतील तिने त्या चालू हार्ड डिस्कवर उतरवून, कुठला भाग बघायचा आणि सुरक्षेचा कुठला गाळायचा याची एक पानभर यादी सोबत ठेवली, तरी नव्या मुलांचे पहिले तीन महिने बरे जातील.